साठ ठोक्यांचं यंत्र

आमच्या थोरल्या दिरांइतका विजेशी भांडणारा आणि विजेवरच जीव टाकणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल. कुणाच्या घरी गेले, की माणसांकडे बघायच्या आधी ते दिव्याकडे बघायचे. पीठगिरणीचा आवाज ऐकून व्होल्टेज सांगायचे. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "एकशे नव्वद." मग हात धुऊन मीटर लावायचे. काटा एकशे नव्वदवर दिसला, की पुन्हा पानावर येऊन बसायचे आणि आमटी गार झाल्याबद्दल विजेलाच शिव्या द्यायचे. मागच्या भिंतीवर त्यांनी खडूने वेळा आणि आकडे लिहून ठेवलेले असायचे. दिवाळीला भिंतीला चुना लावायचा तर त्यांची परवानगी घ्यावी लागे, आणि ती कधी मिळाली नाही.

डोंबिवलीच्या कडेला, खाडीच्या अंगाला आमचं गाव. शेतं कारखान्यांत गेली, पण घरं राहिली. दीर पंधरा-सोळा वर्षं बोटीवर वायरमन होते. परत आले तेव्हा लोकांना वाटलं होतं तसं सोनंनाणं काही आणलं नाही; परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेलं, रेकॉर्ड लावायचं एक यंत्र तेवढं आणलं. त्याला आपली वीज चालत नाही म्हणून विजेचा दाब निम्मा करणारा एक जड डबाही आणला. मग एक इकडचं, थेट विजेवर चालणारं यंत्र घेतलं. तिसरं, सेलवर चालणारं, शहाडच्या भंगारवाल्याकडून उचललं. त्याचे सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात टाकायचे. मी वाळत घातलेल्या बोंबलांत एकदा आठ सेल ओळीने पडलेले होते. बाजारच्या गडबडीत त्यातला एक सुकटाबरोबर पाटीत गेला. तो परत आणायला दीर अर्ध्या गावातून धावले होते.

आणि एवढी तीन यंत्रं कशासाठी, तर एका तबकडीसाठी. त्या तबकडीवर माझ्या सासूबाई होत्या.

आईंना सगळा पट्टा ओळखायचा. त्या धवलारीण. आमच्यात हळदीला धवलारीण बसून देवांची नावं घेत गाते, त्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आई तिशीच्या होत्या तेव्हा मुंबईहून काही लोक येऊन त्यांचं गाणं भरून घेऊन गेले आणि ही एक तबकडी पाठवून दिली. घरात यंत्र नव्हतं. आईंनी ती हळदीच्या डागांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आणि जन्मभर एकदाही ऐकली नाही. त्या गेल्या तेव्हा दीर समुद्रावर होते. तार त्यांना कुठल्या बंदरात मिळाली कोण जाणे. ते दारात उभे राहिले तेव्हा तेरावं होऊन महिना लोटला होता. रडले नाहीत. लुगडं मागून घेतलं, तबकडी काढली आणि पुसत बसले.

त्यानंतरची सहा-सात वर्षं घरात आई रोज वेगळी होती. इकडच्या यंत्रावर दुपारी आई बऱ्या गायच्या. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले, की आवाज बसत बसत खाली जायचा. सेलवाल्या यंत्रावर सुरुवातीला ताठ असायच्या आणि दुसऱ्या कडव्याला दमायच्या. दीर तिन्ही यंत्रं ओळीने मांडून तीच तबकडी एकावरून दुसऱ्यावर फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मध्येच ओरडत बाहेर जायचे, "अरे पंप बंद कर! माझी आईस घोगरी झाली!"

शेजारचा माणूस चाळ बांधत होता; सिमेंटवर पाणी मारायचा पंप त्याचाच. तो घमेल्याआडून म्हणायचा, "दादूस, तुझी आईस जाऊन चार वर्सं झाली. माझा सिमिट आज सुकतंय!"

"सिमिट काय, उद्या पन मिलल!"

"मंग आईस उद्या ऐक!"

पण शेवटी पंप बंद व्हायचा. त्याच्या हळदीलाही आईच गायल्या होत्या.

शुक्रवार हा दिरांचा सण. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे वीज भरून यायची. ते लवकर आंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे, जसं कुणी भेटायला येणार आहे. त्या दिवशी घरात इस्त्री लावायची नाही, मिक्सर फिरवायचा नाही. मी पाट्यावर वाटण वाटायची. माझी तक्रार नव्हती. तक्रार असती तरी ती सांगणार कशी?

मी या घरात आले तेव्हा थोरल्या दिरांसमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप अशी रीत होती. पुढे रीत सैल झाली, गावातल्या माझ्या बरोबरीच्या सुना सासऱ्यांशीसुद्धा वाद घालू लागल्या. माझं कुलूप मात्र तसंच राहिलं. मुळात माझा स्वभावच तो. पण दिरांना विचारायला मीच होते. आईंची शेवटची नऊ वर्षं मी काढली होती. त्यांना दम्याने बसतं केलं, तेव्हा पाठीला उशी लावून मीच बसवायची. तशातही त्या हळदीला जायच्या आणि मी मागे साथीला उभी राहायची. म्हणून दीर बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "ही ना गो, बाय?" आणि मी स्वयंपाकघरातून पातेल्यावर पळी वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एकदा माझ्या हातून नुसतं झाकण पडलं. दीर "मिलली! मिलली!" म्हणून ओसरीवर नाचायला लागले. मला पळी दोनदा वाजवावी लागली. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी सगळं जुळून आलं. बाहेरचं, बंदरातून आणलेलं यंत्र विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी बधत नसे, पण ते कायम हळू फिरायचं, म्हणून त्याच्यावरची सुई दीर दोन ओळींतच उचलायचे आणि मला कधी विचारायचे नाहीत. ते हळू का, हे त्यांनी दाराआडच्या मला मुसळावरून समजावलं. तिकडची वीज सेकंदाला साठ घाव घालते, आपली पन्नास. हे यंत्र साठ घावांच्या हिशोबाने बांधलेलं, म्हणून इथे मागे पडतं. त्यांनी कारखान्यातल्या लेथवर एक पितळी टोपी करून आणली, बोराच्या बीएवढी. मोटारीच्या दांड्यावर ती बसवली, की दांडा जाड होतो आणि तबकडी बरोबर वेगाने फिरते. वर रेघांचा गोल कागद ठेवला. ट्यूबच्या उजेडात फिरत्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या, की वेग बरोबर.

तिन्ही यंत्रांवर त्या दिवशी एकच आवाज आला. उंच, सरळ, काकडीसारखा ताजा.

"ही ना गो, बाय?"

मी दोनदा वाजवलं.

"रेघा उभ्या हायेत. मंग चूक कशी?"

मी पुन्हा दोनदा वाजवलं. ती कुणी तरुण, परकी बाई होती. आई नव्हत्याच.

बाहेर खुडबुड झाली. मग त्यांनी बाहेरच्या यंत्रावरची टोपी काढली असावी, कारण तबकडी पुन्हा लागली ती हळू, खोल. आणि आई आल्या. शब्द ओढत, प्रत्येक ओळीआधी थांबत. मी पळी उचलली होती. ती माझ्याच्याने वाजली नाही. पदर तोंडात धरून मी ओट्याशी खाली बसले. बाहेर त्यांना ते समजलं असावं. त्यांनी तबकडी शेवटपर्यंत वाजू दिली.

त्या दिवसापासून मीटर कपाटात गेला. दिवाळीला भिंतीला चुना लागला. दोन यंत्रं माळ्यावर चढली आणि बाहेरचं यंत्र टोपीशिवाय रोज दिवेलागणीला एकदा चालू लागलं. शेजारच्याच्या पंपाला कुणी काही म्हणेना. तोच एकदा कुंपणावरून विचारत आला, "दादूस, बरा हायेस ना?"

माझ्या मुलीची हळद ठरली. तिच्या हळदीला आपणच गाणार, असं आई तिच्या बारशाला सगळ्यांसमोर बोलून गेल्या होत्या. दिरांनी ते ऐकलं नव्हतं, म्हणून मी आमच्या ह्यांच्या तोंडी निरोप पाठवला. मांडवात यंत्र मांडलं गेलं. धवला गायला कोलशेतहून एक म्हातारी आली होती, तरुणपणी आईंच्या मागे साथीला उभी राहायची ती. दिरांनी तबकडी लावली. बायका गप्प झाल्या. म्हातारीने कानामागे हात धरून ऐकलं आणि मोठ्याने म्हणाली, "ही कोन गो म्हातारी गातंय? हिचा गला असा कवा व्हता? मी हिच्या पाठी उभी रव्हायचू!"

मांडवात कुणीतरी हसलं. दिरांनी शांतपणे खिशातून काड्यापेटी काढली, तिच्यातली पितळी टोपी काढली, बसवली आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. तो उंच, सरळ आवाज आला. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पहिल्या ओळीनंतर, जिथे साथीदारणीने उचलायचं असतं तिथे, तिने बरोबर उचललं. गाताना तिचे डोळे गळत होते. माझी मुलगी हळदीने माखून मध्ये बसली होती, आणि तिची आजी तिशीची होऊन तिला गात होती.

तबकडी आईंच्या तरुणपणची, हे मला माहीत होतं. पण गळाही माणसाबरोबर म्हातारा होतो, हे एवढ्या वर्षांत मनात आलं नव्हतं. मी ज्या बाईला परकी म्हटलं, तीच दिरांची लहानपणची आई होती.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा दीर यंत्र पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, माझं चुकलं. तुमची आई मी तुमच्यापासून तोडली."

त्यांनी मान वर केली नाही, बहुतेक मला लाज वाटू नये म्हणून.

"नाय गो. ही आईस मना ठाव होती. रेघा कशाला पायजेत? तिच्याच मांडीवर मोठा झालू." थोडं थांबून म्हणाले, "म्हातारी मना ठाव नव्हती. ती दम्याने बसली तवा मी बोटीवर होतू. ती तू मना दाखवलीस."

मग काड्यापेटी खिशात टाकून ते म्हणाले, "जा, वाढायला घे. जिलबी संपल."

पुढे दोन वर्षांनी तेही गेले. त्या वेळी मात्र आम्ही सगळे घरात होतो.

यंत्र आणि काड्यापेटी आता माझ्याकडे आहेत. शुक्रवारी दुपारी घरात कुणी नसलं, की मी आधी टोपी बसवून त्यांची आई ऐकते, मग टोपी काढून माझी. मध्ये टोपी काढायला माझ्या बोटांना वेळ लागतो. तेवढा वेळ खोलीत काहीच आवाज नसतो, आणि बाहेरच्या खोलीतून कुणीतरी उत्तराची वाट बघतंय असं वाटत राहतं. मग आई थांबत थांबत गायला लागल्या, की मी उठते, आत जाते आणि पातेल्यावर पळी वाजवते. एकदाच.