दोन्हीकडची दलाली आणि चंपीची साक्ष

ती बकरी मला आजही आठवते. आठवली की आधी हसू येतं, मग तिची मालकीण आठवते.

तेव्हा मी महाड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपवून चहाचा कप तोंडाला लावतोय तोच फोन वाजला. बिरवाडीहून एक गृहस्थ बोलत होते. "साहेब, शेजारचं घर बंद असतंय, मालक पनवेलला. आत कोणतरी शिरलाय. भांडी वाजतायत, आणि..."

"आणि काय?"

"बकरी वरडतेय, साहेब."

नोकरीत नाना तऱ्हेचे घरफोडे पाहिले, पण बकरी घेऊन येणारा चोर काही पाहिला नव्हता. हवालदाराला घेऊन निघालो. बैठं घर, दार सताड उघडं, पडवीत एक गाभण बकरी बांधलेली. आत म्हातारी फरशी पुसत होती आणि म्हातारेबुवा भिंतीला टेकून निवांत बसले होते. आम्हाला बघून पळायचं राहिलं बाजूला, म्हणतात कसे, "या, बसा. गो, साहेबांना च्या ठेव."

कुलूप फोडलेलं नव्हतं. चावी बाबांच्या कमरेलाच होती. घरमालकाला फोन लावला तर तो भडकला. आपण घर कोणालाही राहायला दिलेलं नाही, सरळ गुन्हा दाखल करा, म्हणाला. नाइलाजाने दोघांना ठाण्यात आणलं. बकरीला सोडून यायला म्हातारी काही केल्या तयार होईना, म्हणून तीही जीपमधून आली. हवालदार वाटभर माझ्याकडे बघायचं टाळत होता.

बाबांचा जबाब घ्यायला बसलो. पोलादपूरच्या वर डोंगरावर त्यांची वाडी. वाडीच्या माथ्यावर जमिनीला भेग पडलेली. पावसाळा आला की सगळ्यांनी खालच्या शाळेत जाऊन राहायचं आणि दरड येते की काय म्हणून रात्रभर वरच्या डोंगराकडे कान लावायचे. यंदा दोघांनी ठरवलं, खाली घर घ्यायचं. सगळ्या म्हशी विकल्या. उरली ही एक बकरी.

"चावी कोणी दिली?"

"एजंटनं. तो आमचा माणूस हाय. घर बघून द्यायची अर्धी दलाली त्याला आदीच दिलीय."

"अहो, पण खरेदी झालेली नाही आणि तुम्ही राहायला कसे गेलात?"

बाबांना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "साहेब, म्हस घेताना आमी दोन वेळची धार काडून बगतो, मंग पैसं देतो. घर काय म्हशीपेक्षा सवस्त हाय? ऱ्हाऊन नको बगायला?"

हवालदार फिसकन हसला. मी डोळे वटारले, पण माझीही पंचाईतच होती. डोक्यात कायदा, आणि समोर हा माणूस.

एजंटला बोलावून घेतलं. महाडचाच, चाळिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल. आल्या आल्या म्हणाला, "सर, मी ह्यांना ओळखतसुद्धा नाही. मालकाने प्रॉपर्टी विकायला माझ्याकडे दिली आहे. माझ्या ऑफिसातून चावी चोरली असणार."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "असा काय बोलतोस रं? माज्या हातची भाकर खाल्लीस ना तू?"

तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता, पण तिच्याकडे एकदाही बघेना. खोटं बोलणारे बहुतेक असेच असतात. साहेबाला फसवायला त्यांना काही वाटत नाही, ज्याच्या घरी जेवलो त्याच्याकडे मान वर होत नाही. मी ओळखलं, पण ओळखून काय उपयोग? पुरावा हवा होता. तो बधेना. मालक तक्रारीवर अडून बसलेला. गुन्हा दाखल झाला असता तर म्हातारा-म्हातारी चोर ठरली असती, दिलेले पैसे बुडाले असते आणि पाऊस तोंडावर असताना दोघं परत त्या भेगेखाली गेली असती. मला फार वाईट वाटत होतं.

एवढ्यात अंगणात बांधलेल्या बकरीने दोरी तोडली. टकटक करत आत आली, माझ्या टेबलाला वळसा घातला, हवालदाराला ओलांडलं आणि थेट एजंटच्या शर्टाच्या खिशात तोंड खुपसलं.

"हट् गो चंपे! आज नाय आणला पुडा!" तो बोलून गेला.

ठाण्यात तोवर कोणीही बकरीचं नाव घेतलेलं नव्हतं.

"काय हो," मी म्हटलं, "ओळख परेड झाली. आता बोला."

एजंट घडाघडा बोलायला लागला. वाडीवर जाता-येताना तो चंपीला बिस्किटं घालायचा. चावी त्यानेच दिली होती. कबूल केलं नाही, कारण मालक त्याला आपला माणूस समजत होता आणि बाबा आपला. दोघांकडून दलाली ठरलेली, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. "सर, घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून, दोन्हीकडून घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे."

"पद्धत असेल. पण दोघांना सांगायची पद्धत नाही का रे?"

बाबा म्हणाले, "बाजारात दलाल दोगांकडनं घेतो, साहेब. पन दोगांच्या म्होरं घेतो."

मी मालकाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. सगळं ऐकून तो जरा वरमला. म्हणाला, "अहो, भाव जास्त मिळवून देईन म्हणाला होता मला. त्याची दलाली मी किमतीत धरलीच होती."

"आन् आमाला म्हनला भाव पाडून देतो!" म्हातारी उसळली. "म्हंजे दोन्हीकडचं आमीच देनार व्हतो की रं!" आणि मग तिलाच हसू आलं. ती हसली तशी एजंट रडायला लागला. खरंच रडला. तिने पदराने त्याचे डोळे पुसले. फसवणाऱ्याचे डोळे फसवल्या गेलेल्या बाईने पुसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

काहीच मोडलं-चोरलं नव्हतं, उलट घर लख्ख झालं होतं. मालकाने तक्रार मागे घेतली, आपल्या बाजूची दलाली रद्द केली आणि तेवढी किंमत उतरवली. स्टेशन डायरीत नोंद झाली. बकरीचा उल्लेख मी गाळला. पाऊस लागायच्या आत दोघं बिरवाडीत राहायला आली.

त्यानंतर फसवणुकीच्या प्रत्येक तक्रारीत मी आधी एकच गोष्ट विचारत आलो, मधल्या माणसाला पैसे कोण देतं आणि ते कोणाकोणाला माहीत आहे? निम्मी प्रकरणं तिथेच उलगडायची.

निवृत्तीनंतर मी महाडलाच घर घ्यायचं ठरवलं. घर त्याच एजंटने दाखवलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, मला पैसे तुम्हीच देणार, मालकाकडून काही नाही. मालक बाहेर उभे आहेत, विचारून घ्या." आणि चावी पुढे केली. मालकाला सांगूनच आणली होती.

खरेदी झाल्यावर पेढे घेऊन बिरवाडीला गेलो, सोबत एजंट. चंपीची नात त्याच्या खिशाशी झटायला लागली. म्हातारीला आता नीट दिसत नाही. तिने माझा हात चाचपला आणि आधी तेच विचारलं, "लेकरा, दोन दिस ऱ्हाऊन बगितलंस ना?"

"राहिलो, आई. मग पैसे दिले."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने पेढा तोंडात टाकला.