कॅमेऱ्यातला दुसरा कप्पा

मोर्शीजवळच्या एका शेडमध्ये संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या मशीनवर मी कॅमेरा बसवला, तेव्हा शेतकऱ्यांसमोर फुशारकी मारली होती, "याला ना भाऊ, ना भाचा." माझे मामा तिथेच उभे होते. त्यांची बाग जवळच. त्यांनी चार जणांना सांगितलं, भाच्यानं बसवलंय, बिनघोर माल आणा.

या कॅमेऱ्याला बटणं नसतात. लॅपटॉपला सिरियलची वायर जोडायची आणि एकेक ओळ टाइप करून हुकूम सोडायचा: उजेड किती घे, लाल किती, हिरवा किती. आकडा विचारला की तो मुकाट सांगतो. सगळं जमलं की सेटिंग त्याच्याच एका कप्प्यात ठेवून द्यायचं. लाईट गेली तरी ते राहतं. हे सारं मी माझ्या मित्राला शिकवलं. अकोल्याच्या जुन्या शहरात कॉलेजची चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली, एका ताटात जेवलो. पुढे अमरावतीचं काम मी बघायचो आणि मोर्शीची देखभाल तो.

पुढच्याच हंगामात मामांचा निम्म्याहून जास्त माल दोन नंबरात, म्हणजे पडत्या भावात गेला. त्यानंतरच्या हंगामातही तेच. मी म्हणालो, "मामा, शेडच्या मालकाशी भांडा."

"काहून भांडू गा? मले त रंग चांगला दिसते, पन डोये माये म्हातारे झाले. तुया कॅमेरा खोटं बोलन का?"

तेव्हाच उठून जायला हवं होतं. त्याऐवजी मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, मामांची झाडंच थकली असतील. मी ऐकलं, आणि तेच मामांना सांगितलं. उन्हाळ्यात त्यांनी अर्धी बाग उपटून टाकली.

यंदा मित्र लग्नाला गेला असताना मशीन अडलं, म्हणून शेडवरच्या ऑपरेटरनं मला बोलावलं. वायर सैल झाली होती. ती बसवली, तर तो बिचारा सरळ मनानं विचारतो, "दादा, आता कोनतं लावू? शेतकऱ्याचा माल आला का दुसरं, अन् बाहेरची गाडी भराची असली का पयलं, असं देखभालीच्या सायबानं सांगतलं."

मी एकच कप्पा भरला होता. दुसऱ्यातला लालचा आकडा विचारला. कॅमेऱ्यानं सांगितला. माझ्या आकड्यापेक्षा बराच खाली होता. लाल असा उतरवला की पिकलेलं संत्रंही हिरवट दिसतं. घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं.

मित्राला फोन लावला. मागे बँड वाजत होता. "मालकानं म्हटलं, मी करून देल्लं," तो म्हणाला. "तूच त शिकवलं मले." केसानं गळा कापला आणि वर मलाच गुरू केलं. मी फोन आपटला.

तिथून थेट मामांकडे गेलो. सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "तुले कवापासून माईत होतं?"

"आजच समजलं, मामा."

त्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नव्हतं. झाडं थकली हे त्यांना मित्रानं नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं.