सही ताईची

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा आईला ते मूल नको होतं. आम्ही तिघी मुली, नाशिकच्या कडेला दुसऱ्याच्या रानात वाट्याने लावलेला झेंडू, आणि आईच्या अंगात रक्त नाही. कुणाला न सांगता ती दवाखान्यात गेली. तिला वाचता येत नाही. भिंतीवर पाटी होती. शेजारच्या बाईने जमेल तशी वाचली, गर्भ, गुन्हा, तुरुंग, आणि आई डॉक्टरांना न भेटताच बाकावरून उठून परत आली. त्या दसऱ्याला सातव्या महिन्यात ती वाकून फुलं तोडत होती. रानातच कळा आल्या. बाळ जगलं नाही. पुढे वर्षभर तिच्याने फुलांनी भरलेलं कॅरेट उचलवेना, म्हणून ताईची शाळा सुटली. माझी चालू राहिली. ताई फुलं तोडायची आणि मी शाळेला, पुढे कॉलेजला जायचे, हे मी कुठेही सांगते.

पोट पाडायला बंदी आहे, असं आमच्याकडच्या सगळ्या बायका धरून चालायच्या. ताईला पेठ तालुक्यात दिलं. दोन मुली झाल्या, धाकटी अजून रांगत होती आणि ताईला पुन्हा दिवस गेले. सासू म्हणाली, या खेपेला पोरगाच. ताई पांढरीफटक होऊन माहेरी आली. आईने तिला तीच बंदी सांगितली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंदिरानगरात भाड्याच्या कॉटवर राहत होते. कॉलेजच्या बाईंनी वर्गात गर्भपाताचा कायदा शिकवला होता. मी बंदी नाही म्हटल्यावर आई म्हणाली, "लय शिकलीस ना? मग चल, दाव वाचून."

सरकारी दवाखान्यात तशीच पाटी होती. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे, असं मी सगळं मोठ्याने वाचलं. आईने पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी पोरगा का पोरगी ते बघायला बंदी?"

"हो."

"पोट रिकामं करायला नाय?"

"नाही. डॉक्टर कायद्यात बसतं का बघतात, एवढंच."

आई बाकावर बसली. म्हणाली, "मग मी का गं उठले त्या दिवशी?"

मी तिचा हात धरून बसले.

दोन मुली ऐकून डॉक्टरबाईंनी सरळच विचारलं, कुठून तपासून आलात का? ताई म्हणाली, "नाय बाई. पोरगा असला तरी नको. माझ्यात जीवच नाय." मग बाईंनी आम्हाला बाहेर काढलं, ताईशी एकटीशी बोलल्या. आत बोलावलं तेव्हा ताई विचारत होती, नवऱ्याला बोलवू का सहीला? तो बाहेर गाडीवरच बसला होता.

"तू सज्ञान आहेस. सही तुझी," बाई म्हणाल्या.

ताईने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. दाजी मला नंतर म्हणाले, बरं झालं मला विचारलं नाही, मी माझ्या आईच्या तोंडाकडे बघितलं असतं. या खरेपणाबद्दल मी त्यांचे आभार मानते. सासू काही महिने बोलली नाही, मग नागलीचं पीठ पाठवलं.

गोळ्यांनी सगळं नीट पार पडलं. नंतर ताईने तांबी बसवून घेतली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ताईने मागच्या वर्षी बाहेरून दहावी दिली आणि पास झाली. तिसरं मूल कधी, की कधीच नाही, हे आता ती ठरवते.