आंघोळ घालून नेलेला माणूस

राळेगावकडच्या एका शेतात बाबा कपाशीवर फवारणी करायला मजुरीनं जात. एका दुपारी सोबतच्या दोघांनी त्यांना धरून घरी आणलं. सदरा औषधानं ओलाचिंब, तोंडाला फेस, नजर ठरत नव्हती. आईनं त्यांना अंगणात बसवलं, साबणानं घासून आंघोळ घातली आणि विहारात जाताना घालायचा पांढरा सदरा चढवला. आधी गाडी बघ म्हणून मी ओरडत होते.

"असा मळका कसा नेऊ वं? दवाखान्यातले लोक काय म्हणतीन?" ती म्हणाली.

आमचं हे असंच. जीव गेला तरी चालेल, पण चारचौघांत कुणी नाक मुरडायला नको.

बाबा यवतमाळच्या दवाखान्यातच वारले. अंग धुतलं हे चांगलंच केलं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आईला तेवढाच आधार वाटला.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत विषानं मेलेला माणूस ते पिऊनच मेला, असं सगळे धरून चालत. भरपाईच्या दाव्यात आम्हाला एवढंच सिद्ध करायचं होतं की औषध कामावर असताना अंगात भिनलं. ओला सदरा आईनं त्याच दिवशी धुऊन वाळत घातला होता. सोबतच्या दोघांना त्याच मालकाकडे कामाला जायचं होतं, ते साक्षीला आलेच नाहीत.

मालकाचा वकील आवाज न चढवता बोलला, "आंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून दवाखान्यात आलेला माणूस. जीव द्यायचं ठरवलेली माणसं अशीच तयारी करतात."

मला त्याचा भयंकर राग आला. अजून येतो. आई मात्र त्याच्याकडे बघतच राहिली.

कामाशी संबंध सिद्ध होत नाही म्हणून दावा फेटाळला गेला. आई रडली नाही. पण त्यानंतर फवारणीचे दिवस आले आणि शेतांकडून तो वास सुटला की ती दारंखिडक्या लावून घ्यायची. बंद घरात वास जास्तच येतो असं मला वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "खरं सांग, तुह्या बापानं पेलं तं नसन ना?"

स्वतःच्या हातांनी त्यांच्या पाठीवरचं औषध धुतलेली बाई मला हे विचारत होती. मी नाही म्हटलं, पण म्हणायला जरा वेळ लागला, आणि तो तिच्या लक्षात आला.