झाकणबाईंच्या पिशव्या

झाकणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या शाळेत ज्याने एकदा त्यांचा तास केला, त्याला दुसरं नाव आठवत नाही. बाई मूल्यशिक्षण शिकवायच्या. या विषयाची परीक्षा नव्हती, गुण नव्हते. तास मात्र शुक्रवारी, शब्बाथची शनिवारची सुट्टी संध्याकाळी लागण्याआधीचा अगदी शेवटचा, म्हणजे मुलांचे डोळे घड्याळावर आणि पाय दाराकडे असतात तेव्हाचा. वर्षाच्या पहिल्या तासाला बाई टेबलावर दोन पाव ठेवत, शेजारी द्राक्षरसाचा पेला, आणि पावांवर एक पांढरं फडकं घालत.

"का झाकलं?"

"माश्या बसतात म्हणून," असं कुणीतरी म्हणायचंच.

"माश्या बसतात हे खरं. पण शब्बाथच्या टेबलावर थोरला कोण? पाव. तरी आशीर्वाद आधी पेल्यावर म्हणतात. थोरल्याच्या समोर धाकट्याला मान दिला तर त्याला कसं वाटेल? म्हणून तेवढा वेळ त्याला झाकायचं. आता सांगा, पावाला मन असतं?"

"नाही."

"नाही ना? ज्याला मन नाही त्याचंही आपण राखतो. मग ज्याला आहे, त्याचं?"

मग पाव कापून वाटले जायचे.

नाव या फडक्यावरून पडलं, पण घरी जाऊन पाहिलं असतं तरी तेच पडलं असतं. साखरेच्या डब्यावर झाकण, झाकणावर रुमाल. रेडिओला झबलं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणत, "आमच्या घरात उघडं राहिलंय ते माझं टक्कल. आणि प्रार्थनेला गेलो की तेही झाकतो."

या झाकण्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि बाई ती वर्गात सांगत नसत. लहानपणी शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना 'गरजू विद्यार्थिनी' म्हणून स्टेजवर बोलावलं होतं आणि टाळ्यांच्या गजरात बूट दिले होते. बूट मापाचे होते, चांगल्या चामड्याचे होते. त्यांनी ते एकदाही पायात घातले नाहीत. पुढे धाकट्या बहिणीने घालून झिजवले.

बाईंची शिकवण्याची रीत त्या समाजातली जुनीच होती. मुलांनी जोडीने बसायचं, एका पानावर दोन डोकी, आणि वाचायचं कमी, भांडायचं जास्त. ज्या दोघांचं पटतं त्यांची जोडी बाई मुद्दाम लावत नसत. "दोघांचं एकच मत असेल तर एक जण घरी जाऊन झोपला तरी चालेल," म्हणत. अशीच एक जोडी होती, वर्गात वकील आणि शाई याच नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघींची. दोघी बारा-तेरा वर्षांच्या. वकील तोंडाने चालायची. तिला गप्प करणं तिच्या आईलाही जमलेलं नव्हतं. शाईची बोटं कायम निळी. ती बराच वेळ नुसती लिहीत बसायची आणि मग एकच वाक्य बोलायची, की वकिलाला मुद्दा बदलावा लागायचा. वर्षभर हे चाललं होतं. कोण किती वेळा जिंकलं याच्यावरही दोघींचा वाद होता.

मग शाळेला नवे मुख्याध्यापक आले. तरुण, हौशी, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारे.

"बाई, मूल्यं फळ्यावरून रस्त्यावर आली पाहिजेत," ते म्हणाले. "आसपासच्या गल्ल्यांत ज्यांची ओढाताण आहे, त्यांच्या घरी दर शुक्रवारी मुलांनी सामानाची पिशवी पोचवायची. आपली माणसं असोत नाहीतर दुसरी. मुलांना जबाबदारी कळेल. फोटो काढू, भिंतीवर लावू. देणगीदारांनाही दिसेल."

"फोटो पिशवीचा काढा," बाई म्हणाल्या. "माणसाचा नको."

मुख्याध्यापक हसले, पण त्यांनी ऐकलं. बाकीचे नियम बाईंनीच ठरवले. पिशवीवर नाव लिहायचं नाही, नुसता इमारतीचा आणि दाराचा नंबर. पिशवी उंबऱ्याशी ठेवायची, बेल दाबायची आणि दार उघडायच्या आत जिना उतरायचा. कोण घेतं ते देणाऱ्याला कळायला नको, कोण देतं ते घेणाऱ्याला. नंबर सिनेगॉगचे कार्यवाह द्यायचे. ती घरं कुणाची, हे बाई त्यांनाही विचारत नसत. आपल्यालासुद्धा ठाऊक नाही, याचा त्यांना मनातल्या मनात थोडा अभिमान होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ही झाकलेली पिशवी.

पीठ, तेल, साखर, साबण आणि शब्बाथच्या मेणबत्त्या. परक्या घरांच्या पिशवीत मेणबत्त्यांच्या जागी चहा. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं.

एका शुक्रवारी वकील शाळेत परतली ती एकटीच, आणि तासाला सगळे बसेपर्यंत दारातच उभी राहिली. बाई बाहेर आल्या.

"शाई कुठे?"

"तिच्या घरी." वकील पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होती. "बाई, शेवटची पिशवी तिच्याच घरची होती. आम्ही जिना चढत होतो तर ती म्हणाली, पोट दुखतंय, परत जाऊ. मला वाटलं कंटाळा करतेय. मी बेल दाबली. पळणार होते, पण तिच्या आईने लगेच दार उघडलं. शाईचीच वाट पाहत होती. म्हणाली, आलीस का गं? आणि मग तिने पिशवी पाहिली. आणि मला."

"मग?"

"मग काही नाही. शाई आत गेली."

बाईंनी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला."

"आणखी?"

"झाकलं, बाई," वकील म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

शाईचे वडील छापखान्यात होते. छापखाना बंद होऊन बरेच दिवस झाले होते आणि ही गोष्ट शाळेत कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंनी ती ठाऊक करून घेतली असती, तर ती पिशवी दुसऱ्या जोडीच्या हातात गेली असती. शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी शाळा भरली, शाई आली नाही. सोमवारीही नाही. तिचं नाव दुसऱ्या शाळेत घालायचं चाललंय, असं शिपाई म्हणाला.

घरी यजमान डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ खोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"यात विचार कसला करतेस? जा आणि माफी माग. आपल्यात नियम साधा आहे. ज्याचं मन दुखावलं, त्याच्याच दारात जायचं. तिथे देवाचा वशिला चालत नाही."

"आणि काय म्हणू? तुमच्याकडे पिशवी येते हे मला कळलं, त्याची माफी करा? म्हणजे झाकण उघडून दाखवायचं की बघा, मी कसं झाकते."

"घड्याळ उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही," यजमान म्हणाले. "आणि उघडल्यावर होतंच असंही नाही. पण जा."

बाई गेल्या. शाईची आई लाँड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. खोलीत वाफ होती आणि खुर्चीवर शर्टांची चळत. तिने खुर्ची रिकामी करून दिली, पण इस्त्री थांबवली नाही.

"मी माफी मागायला आले," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं का, घर कुणाचं ते?"

"नाही. मी मुद्दाम विचारत नाही."

"का बरं?"

"कुणाला लाज वाटू नये म्हणून."

आईने बाहीच्या टोकापर्यंत इस्त्री नेली, बाही उलटली. "बाई, झाकणं चांगलंच. पण चुलीवरचं भांडं झाकलं तर आत काय शिजतंय ते झाकणारीला ठाऊक लागतं. नाहीतर करपतं."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"पिशवीचं मला काही नाही. अडचण आहे, येते पिशवी. उद्या नसेल अडचण. पोरीचं वेगळंच आहे." आईने आतल्या दाराकडे पाहिलं. दाराच्या कडेवर निळी बोटं दिसत होती. "ती म्हणते, वकील आता माझ्याशी वादात हरेल. मुद्दाम. दया येऊन. तिला ते नकोय. त्यापेक्षा दुसरी शाळा बरी म्हणते."

निळी बोटं दारावरून नाहीशी झाली.

परतताना बाई नेहमीच्या रस्त्याने आल्या नाहीत, लांबून आल्या. एक जुनी गोष्ट त्या दरवर्षी वर्गाला सांगत. कुणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारी जेवण पाठवत. श्रीमंताच्या घरी चांदीच्या ताटांतून जायचं, गरिबाच्या घरी वेताच्या टोपलीतून. गरीब ओशाळायचे. तेव्हा थोरामोठ्यांनी ठरवलं की सगळ्यांकडे वेताची टोपलीच जाईल. गरिबाला चांदी द्यायची असं नाही ठरवलं, हे बाई नेहमी ठासून सांगत. सांगत होत्या वर्षानुवर्षं, करायचं मात्र सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांपुढे बसल्या.

"पिशवी सगळ्यांच्या घरी जाईल," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांच्या म्हणजे? भरल्या घरी पीठ कशाला, बाई?"

"मुलांची घरं, शिक्षकांची, यादीतली, सगळ्यांकडून पिशवी येईल, सगळ्यांकडे जाईल. गुरुवारी मोठ्या माणसांनी मागच्या खोलीत आणून ठेवायची. ज्याला जमेल त्याने भरून, ज्याला जमणार नाही त्याने नुसती रिकामी, घडी घालून. दार लावून मी एकटी बसेन आणि पुन्हा सगळ्या सारख्या भरेन. येताना कुणाची किती जड होती ते मला कळेल. मला कळायलाच हवं. जाताना सगळ्या सारख्या."

"आणि फोटो?"

"सगळ्यांचे काढा. आता काय हरकत आहे? सगळेच घेणारे."

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे माझ्याकडेही येणार. माझी आई विचारेल, मुख्याध्यापकाच्या घरी दान आलं का म्हणून."

"विचारू द्या. उत्तर तुम्ही शोधा. तो तुमचा गृहपाठ."

विरोध झाला. एका डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की आम्ही दोन पिशव्या देऊ, पण आमच्या दारात ठेवू नका, शेजारी काय म्हणतील. बाईंनी उलट निरोप दिला की दोन घेऊ, एक ठेवू. यजमानांनीही कुरकुर केली. "जन्मभर कुणापुढे हात पसरला नाही मी."

"पसरू नका. पिशवी उंबऱ्यावर असेल, नुसतं वाका," बाई म्हणाल्या.

गुरुवारी पिशव्या आल्या. काही इतक्या जड होत्या की बंद तुटत होते. काहींत मागच्या कपाटातलं संपवायचं सामान होतं. तेही बाईंनी ध्यानात ठेवलं, पण बोलल्या नाहीत. एक पिशवी रिकामी होती. कडक इस्त्री केलेली, चार घड्यांची. बाईंनी ती सगळ्यांत आधी भरली.

शुक्रवारी जोड्या ठरवताना त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या आणि स्वतःच्या घरची पिशवी वकिलाला दिली. जोडीदार दिला नाही. "तुझी जोडीदार आली तर तिला घे, नाहीतर एकटी जा," एवढंच सांगितलं, आणि त्या लवकर घरी गेल्या.

दुपारी जिन्यात आवाज आले. दोन आवाज होते. बाई दाराच्या आत उभ्या राहिल्या.

"नियम आहे. बेल दाबायची आणि पळायचं," वकील म्हणत होती.

"नियम घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून आहे," दुसरा आवाज म्हणाला. "बाईंना कसली लाज? त्यांनीच पाठवलंय आपल्याला. पळणं म्हणजे नाटक आहे."

"मग डॉक्टरीणबाईंच्या दारातून का पळालीस?"

"त्यांना लाज वाटत होती."

"आणि बाईंना वाटत नसेल, हे तुला कुणी सांगितलं? एका दारात पळायचं आणि एका दारात थांबायचं, म्हणजे कुणाला लाज आहे ते आपण ठरवणार. मग सगळ्या गल्लीला कळेल, ज्यांच्या दारातून पळतात ते गरजू. सगळीकडे सारखं नाही केलं तर पिशव्या सारख्या करून उपयोग काय?"

यजमान आतून आले. "उघड की."

बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. वकील आता माघार घेईल का, हे त्यांना ऐकायचं होतं.

"बोल ना," वकील म्हणाली. "नाही ना सुचत? मग हरलीस. लिही तुझ्या वहीत."

"पुढच्या शुक्रवारी बघू," शाई म्हणाली. आवाज चांगलाच चिडलेला होता.

बेल वाजली. चार पाय धडधडत जिना उतरले.

बाईंनी दार उघडलं. उंबऱ्यावर पिशवी होती आणि तिच्या बंदावर निळ्या बोटांचा ठसा. त्या वाकल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती उचलली.

"जड आहे का?" यजमानांनी विचारलं.

"सगळ्यांइतकीच," बाई म्हणाल्या, आणि पिशवी आत नेऊन त्यांनी ती न झाकता टेबलावर ठेवली.