पंपात उरलेलं औषध

परंदवडीत घर बांधलं तेव्हा दगड झालेली सिमेंटची गोणी मी टाकून देत होतो. शेजारचे आबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "मास्तर, दगूड झाला तर झाला. दगडाचं काम करंल की." ती गोणी त्यांच्या न्हाणीची पायरी झाली. अशी आमची ओळख.

आबा काहीच टाकत नसत. बांधावरचं तण मारायला पाण्यात कालवलेलं तणनाशक एका वर्षी उरलं, तेही त्यांनी कॅनमध्ये भरून, लाल चिंधी बांधून गोठ्यात टांगलं. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवायचं असतं, असं मी सांगून पाहिलं.

"दुकानदार तसंच सांगनार. त्येला नवी बाटली खपवायचीय. औषध म्हंजी लोणचं, मास्तर. मुरू द्या."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी ते मुरलेलं औषध बांधावर मारलं. चार दिवस झाले तरी गवत हिरवंगार. "मेलं औषध," आबांनी जाहीर केलं. "निस्तं पानी झालंय." माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. पण फवारणीच्या पंपाच्या तळाशी थोडं उरलं होतं, आणि आबांच्या हिशेबी ते पाणीच होतं. पाणी कुणी ओतून देतं का? त्यांनी त्यातच युरिया कालवला आणि भाताच्या रोपांवर फवारला.

या औषधानं तण सावकाश मरतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. आधी बांध पिवळा पडला, मग रोपं. लावणी तोंडावर आलेली, नव्याने पेरायला वेळ नाही आणि घरचा वर्षभराचा तांदूळ याच रोपांतून यायचा होता. आबांच्या बायको, हिरामावशी, भांडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं आणि जरुरीपुरतं म्हशीला सांगू लागल्या, "मालकाला म्हनावं, जेवान वाढलंय."

आबा माझ्याकडे आले. "औषध टिकतं का न्हाई, एकदाच काय ते सांगा."

"टिकतं की नाही हेच सांगता येत नाही आबा, म्हणून ठेवायचं नाही."

"मंग आदी सांगायचं व्हतं," असं म्हणून ते उठले.

आमच्याकडे लावणी करून उरलेली रोपं मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. फक्त मागावी लागतात, आणि आबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ते दारोदार गेले. प्रत्येक दारात आधी पंपाची हकिकत स्वतःच सांगत. लोक पोट धरून हसत आणि रोपांच्या पेंढ्या देत. आबा हसत नसत. मला ते बघवेना.

चिखलात उभ्या मावशींनी पहिली पेंढी त्यांच्या हातातून ओढून घेतली. "आना हिकडं. उबं काय ऱ्हायलाय?" म्हैस निरोप्याच्या कामातून सुटली.

त्या वर्षी शेत तुकड्यातुकड्यानं पिकलं. कुणाचा इंद्रायणी, कुणाचा आंबेमोहोर, कुणाचं भलतंच काही. आबांनी सगळं एकत्र झोडपलं. वाण वेगळे ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "समद्यांनी दिलंय, मास्तर. आता कुनाला येगळं काढू?" बियाणंही त्यातलंच धरलं, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या तांदळाची एक पिशवी माझ्या घरी येऊ लागली.

गेल्या थंडीत आबा गेले. यंदाची पिशवी मावशी स्वतः घेऊन आल्या. हा तांदूळ एकसारखा शिजत नाही. काही दाणे मऊ होतात, काही कच्चे राहतात. आमच्या घरात त्यावर कुणी एक शब्द काढत नाही.