झालं कधी, दिसलं कधी

अॅम्ब्युलन्सवर चौदा वर्षं काढलेल्या या बाईला सगळे घड्याळबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला राग येत नसे. येणार कसा? आजाऱ्याचा श्वास आणि नाडी पाहून झाली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वाजता?" माणूस आडवा पडलाय, घरचे हंबरडा फोडताहेत, शेजारी चमच्याने पाणी पाजायला सरसावलेत, आणि ही विचारतेय किती वाजता! लोकांना वाटे, बाईचं काळीज दगडाचं आहे.

दगडाचं नव्हतं, एकदा चांगलं पोळलेलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सुताराचं तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. पक्षाघात, यात शंका नव्हती. सुताराची सून म्हणाली, "आत्ताच झालं हो, दहा मिनिटं झाली असतील." हिने तेच कागदावर लिहिलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते. इंजेक्शन भरून तयार होतं आणि सुताराची बायको सहज बोलून गेली की पहाटे उठले तेव्हाच त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत घड्याळबाईची अशी बिनपाण्याने केली की तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. सून खोटं बोलली नव्हती. तिला आत्ता दिसलं होतं, झालं होतं कधीचंच. घाबरलेली माणसं ही चूक करणारच. ती पकडणं हे हिचं काम होतं.

तेव्हापासून ती घरातल्या दोघातिघांना वेगवेगळं गाठून विचारी, "झालं कधी ते सांगा, दिसलं कधी ते नको. धडधाकट असताना शेवटचं कुणी पाहिलं?" आणि मिळालेली वेळ थेट आजाऱ्याच्या मनगटावर पेनने लिही. कागद हरवतो, मनगट हरवत नाही. त्या पेनासाठी तिच्या नवऱ्याने युनिफॉर्मच्या बाहीवर खास खिसा शिवून दिला होता. नवरा शिंपी. घराच्या खालीच त्याचं दुकान, आणि त्याची टीप अशी सरळ की पट्टी लावून बघावी.

नवऱ्याला बायकोचं कौतुक होतं. सासूबाईंचा मात्र चौदा वर्षं एकच हेका, सुनेने बसून करायची नोकरी करावी. परक्या पुरुषांना उचलायचं, रक्तात हात घालायचे, ही काय रीत झाली? शेजारपाजारी विचारलं तर त्या सांगत, "सून दवाखान्यात कागदपत्रं बघते." जेवताना मात्र सून दिवसाच्या गोष्टी काढी. तोंडाची एक बाजू ओघळली का बघायचं, दोन्ही हात वर करायला लावायचे, एक वाक्य बोलायला सांगायचं. गिळता येत नसेल तर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. सासूबाई कपाळाला आठ्या घालत, "अगं, जेवताना तरी सुखाने घास उतरू दे."

त्या दिवशी दुपारी घड्याळबाई गाडीत एका लठ्ठ कंत्राटदारासोबत होती. तो घामाने निथळत होता, जबडा दाबून धरत होता आणि "पित्त आहे हो, सोडा प्यायलो की बरं वाटेल," असं चौथ्यांदा म्हणत होता. ईसीजीच्या पट्टीवर हृदयाचा झटका स्वच्छ दिसत होता. तिने त्याला गोळी चघळायला लावली, रुग्णालयाला कळवलं आणि दटावलं, "दादा, पित्त असतं तर मी एवढी धावले नसते. गप पडून राहा."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, तो खाली पडलाय मशीनजवळ. मी हसायला सांगितलं, तर अर्धंच तोंड हसलं. उजवा हात उचलतच नाही. बोलतोय ते काही समजत नाही."

उजवा हात. कात्रीचा हात. मागून एका गिऱ्हाइकाचा आवाज येत होता, "आत्ताच झालं हो, मी आलो तेव्हाच!"

सासूबाई त्याच्यावर खेकसल्या, "आत्ता झालं नाही, आत्ता दिसलं! तुम्ही गप बसा." मग फोनमध्ये म्हणाल्या, "अकराला मी चहा दिला तेव्हा साखर कमी म्हणून माझ्याशी नीट भांडला. कप अर्धा तसाच आहे, वर साय धरलीय. म्हणजे अकरा धर. आत्ता दोन वाजलेत. आधी गाडी बोलावली, मग तुला फोन केला. कुशीवर झोपवलंय. पाणी कुणाला पाजू दिलं नाही."

घड्याळबाई म्हणाली, "आई, मनगटावर लिहा."

"लिहिलंय कधीच."

चालक काकांनी आरशातून पाहिलं. "वळवू का गाडी?"

घर पाच मिनिटांवर होतं. कंत्राटदार जबडा दाबून तिच्याकडे बघत होता. तिला वळवायची होती, फार वळवायची होती. पण या माणसाच्या बायकोनेही त्याला हिच्याच हवाली केलं होतं. "नको काका. सरळ चला," ती म्हणाली. मग रुग्णालयाला दुसऱ्यांदा कळवलं, दुसऱ्या गाडीतून पक्षाघाताचा आजारी येतोय, शेवटचा धडधाकट अकराला, साडेतीनच्या आत इंजेक्शन हवं, स्कॅन मोकळं ठेवा.

दुसरी गाडी अडीचला पोचली. त्या गाडीवाल्यांनी वाटेतच रक्तातली साखर तपासली होती, ती ठीक होती. 'आत्ताच झालं' असं कुणी लिहिलं असतं तर शिंपी स्कॅनच्या रांगेत निवांत पडून राहिला असता, वेळ आहे म्हणून. मनगटावर मोठ्या, वाकड्या अक्षरात 'अकरा' होतं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि त्याला रांगेच्या पुढे काढून थेट आत नेलं. तीन वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

कंत्राटदाराला पोचवून घड्याळबाई धावत आली तेव्हा सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. नर्सने विचारलं, "वेळ कुणी लिहिली? इतकी नेमकी वेळ घरचे कधी सांगत नाहीत."

"मी लिहिली," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेचा हात धरून सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही माझी सून. अॅम्ब्युलन्सवर असते, चौदा वर्षं झाली. हिनेच शिकवलंय."

तेव्हा मात्र घड्याळबाई रडली, भर वऱ्हांड्यात, युनिफॉर्ममध्ये.

शिंप्याची जीभ तिसऱ्या दिवशी सुटली आणि पहिली तक्रार चहातल्या साखरेची निघाली. हात मात्र सावकाश परतला. रोज चेंडू दाबायचा, बटणं वाटीतून उचलायची, असं तीन महिने चाललं. मग त्याने पहिलं काम हातात घेतलं ते बायकोच्या नव्या युनिफॉर्मचं. बाहीवर पेनाचा खिसा लावला. टीप दोन ठिकाणी नागमोडी गेली. त्याने कपाळाला हात लावला, "थांब, उसवून पुन्हा मारतो."

"हात लावाल तर बघा," म्हणत तिने युनिफॉर्म ओढून घेतला.

सासूबाईंनी तो हातात घेऊन नागमोडी टीप बोटाने चाचपली. मग स्वतःच इस्त्री करून आणला आणि पेन खिशात खोचून दिलं. सुनेला म्हणाल्या, "निघ आता, कुणीतरी वाट बघत असेल."